लाल ठिपक्याच्या बाटल्या

आमच्या कंपाउंडमध्ये कुणी ‘विजयकुमारची बिअर’ असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. पहिली नासलेली खेप सोडली तर विजयकुमारने इतक्या वर्षांत एकाच खेपेच्या बाटल्या स्वतः धुतल्या, आणि त्याचं काय झालं तेच मी सांगणार आहे. पण गोष्ट त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे. तिच्याबद्दल कुणी कधी काही सांगत नाही, आणि ती स्वतः तर नाहीच नाही. म्हणून मी सांगते. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मला कुणाची भीड नाही.

तिचं नाव चारुता. माहेर नाशिकचं. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झाली आणि सातपूरच्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. तिथे सलाइनच्या बाटल्या भरायचे. बाटली निर्जंतुक आहे अशी चारुताची सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर पडायचा नाही. एकदा मालक स्वतः येऊन बसला होता, गाडी भरून उभी आहे, सही करून टाका म्हणून. हिने केली नाही. तेव्हा ती चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. ही हकिकत मला तिच्या आईने फोनवर सांगितली, चारुताने नाही.

मग लग्न झालं. विजयकुमारला इकडे जुबैलला पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये नोकरी लागली आणि चारुता त्याच्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर, सौदीत आली. नवऱ्याच्या इकाम्यावर येणाऱ्या बायकांच्या कार्डावर तेव्हा ‘काम करण्यास परवानगी नाही’ असं स्वच्छ छापलेलं असायचं. माझ्याही कार्डावर होतं. इथे प्रत्येक परदेशी माणसाला एक कफील असतो, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर तुम्ही या देशात राहता तो. पुरुषांचा कफील कंपनी आणि आम्हा बायकांचा कफील नवरा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. चारुता हसली नव्हती.

आता बिअरचं सांगते. या देशात दारू विकत मिळत नाही, बाहेरून आणता येत नाही आणि घरी करायची तर गोष्टच सोडा. सापडलात तर तुरुंग, आणि तिथून सुटलात की थेट विमान. तरी कंपाउंडच्या भिंतींआड काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुकानात बिनदारूचं माल्टचं पेय उघड मिळतं. त्याचं पुढे जे होतं ते पाहुण्यांच्या बाथरूममधल्या पिंपात होतं. मला त्यातलं फार कळत नाही आणि रसही नाही. आमचे हे, म्हणजे कमलाकर, घेतात तेवढा रस एका घराला पुरे आहे.

विजयकुमारची पहिली खेप साफ नासली. ज्यांनी ज्यांनी ती प्यायली ते दुसऱ्या दिवशी अंथरूण धरून होते, त्यात आमचेही. चारुताने एक रिकामी बाटली खिडकीशी नेऊन उजेडात धरली. बुडाशी साय धरल्यासारखा पातळ थर होता. विजयकुमारने बाटल्या नळाखाली धरून दोनदा हलवल्या होत्या आणि झाल्या म्हणाला होता. चारुताला ते बघवलं नाही. तिला बिअरचं काही पडलेलं नव्हतं, ती एक थेंबही घेत नाही. पण अस्वच्छ बाटली भरलेली तिला सहन होत नाही, दुसऱ्या कुणाला वाकडं लावलेलं चित्र सहन होत नाही तसं. पुढच्या खेपेच्या बाटल्या तिने धुतल्या, आणि तिथेच फसली.

या बाटल्यांची एक रीत आहे. जाड काचेच्या, तारेच्या खटक्याने बंद होणाऱ्या, मुळात द्राक्षाच्या रसाच्या. बाजारात त्या सहज मिळत नाहीत, म्हणून ज्यांच्याकडे आहेत ते जपतात. एखादं कुटुंब कायमचं परत निघालं की फ्रीज, सोफा, गाडी जाहिरात लावून विकतं, पण बाटल्या मात्र गुपचूप विश्वासातल्या घरी पोचत्या होतात. चारुताकडे अशा तीन-चार घरांच्या बाटल्या होत्या. त्या टाकून देता येत नाहीत हा दुसरा ताप. एकसारख्या बाटल्यांचा ढीग कचऱ्यात दिसला तर सफाईवाल्यापासून गेटवरच्या माणसापर्यंत सगळ्यांना वास लागतो. त्यामुळे टवका उडालेली, तडा गेलेली बाटलीही घरातच राहते.

ती धुवायची कशी, ते मी कितीदा तिच्या ओट्याशी उभी राहून पाहिलंय. बाटली रिकामी झाली की लगेच थंड पाण्याने खळबळायची, गाळ वाळू द्यायचा नाही. मग धुण्याच्या सोड्यात भिजत ठेवायची. वासाचा साबण अजिबात नाही. रबराच्या चकत्या काढून वेगळ्या उकळायच्या, कारण सगळी घाण त्या चकतीखाली बसते. लांब दांड्याचा ब्रश तिने रियाधला बत्ह्याच्या बाजारातून शोधून आणला होता. त्याने घासून प्रत्येक बाटली उजेडात फिरवून बघायची, तोंडावर फॉइल बसवून ओव्हनमध्ये तापवायची आणि ओव्हन बंद करून आतच निवू द्यायची. घाई केली तर काच तडकते. आणि एखाद्या बाटलीला केसाएवढी जरी चीर दिसली, तरी ती खांद्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून निराळ्या खोक्यात ठेवायची. लाल ठिपका म्हणजे ही बाटली पुन्हा कधी भरायची नाही. भरली तर आतला दाब तिला पेलायचा नाही.

हे सगळं विजयकुमारला ठाऊक असायला हरकत नव्हती. घर त्याचंच होतं. पण त्याने कधी विचारलंच नाही.

नंतरच्या खेपा उत्तम निघाल्या आणि नाव झालं विजयकुमारचं. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी त्याच्या घरी मैफल जमायची. पुरुष मंडळी दिवाणखान्यात, आम्ही बायका आत. तो पेला उजेडात धरून सांगायचा की प्रोसेस इंजिनियरची शिस्त लागते, ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. एकदा मी भज्यांचं ताट घेऊन बाहेर गेले होते, तेव्हा कुणीतरी विचारलं की वहिनींचा हात असतो का यात. विजयकुमार हसून म्हणाला, “छे, ती फक्त बाटल्या विसळते.”

चारुता माझ्या मागेच चटणीची वाटी घेऊन उभी होती. तिने वाटी ठेवली आणि आत गेली. मला त्या माणसाच्या डोक्यावर ताट पालथं घालावंसं वाटलं. घरी येऊन मी कमलाकरना म्हटलं की तुम्ही हसलात का. ते म्हणाले, सगळेच हसले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना वाटलं माझं डोकं दुखतंय.

मागच्या वर्षी त्यांची मुलगी श्रुती पुण्याला कॉलेजात गेली आणि घर रिकामं झालं. एव्हाना नियमही सैल झाले होते. बायका गाडी चालवायला लागल्या, मी पन्नाशीत लायसन्स काढलं, आणि नवऱ्याच्या इकाम्यावरच्या बायकांनाही आता काही ठिकाणी कामाला घेतात. औद्योगिक भागात पिण्याचं पाणी बाटल्यांत भरणारा एक छोटा कारखाना आहे, त्यांना प्रयोगशाळेत माणूस हवं होतं. मी चारुताच्या मागे लागून अर्ज करायला लावला. तिला वाटत होतं इतक्या वर्षांनी कोण विचारणार. त्यांनी तिला तीन दिवस काम करून बघायला बोलावलं. मीच गाडीने नेत-आणत होते. तिसऱ्या दिवशी परत येताना ती सबंध रस्ताभर बोलत होती. पाण्याचे नमुने, ताटल्यांवर उगवणारे जंतूंचे ठिपके, तिथल्या इनक्युबेटरचं दार नीट लागत नाही, ते कसं दुरुस्त करायला हवं. चारुता इतकं बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांना ती हवी होती. फक्त एकच अट, नवऱ्याची संमती. कारखान्याने विजयकुमारला मेल पाठवला होता, त्यातलं एक बटण दाबायचं होतं, बस. महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाले.

त्याने ते बटण दाबलं नाही. नाहीही म्हणाला नाही. बघू, म्हणाला. घराचं कोण बघणार, म्हणाला. घरात बघायला होतं काय? एक तो आणि त्याचं पिंप. खरी गोष्ट अशी होती की त्याच्या प्लांटमध्ये अनुराग नावाचा नवा साहेब पुण्याहून आला होता. बिअरचा शौकीन. त्याला गुरुवारी घरी बोलावून खूश करायचं, असं विजयकुमारचं चाललं होतं. अनुराग येऊन जाऊ दे, मग तुझं बघू, हे त्याचं शेवटचं उत्तर. चारुता काम करून बघायला गेली त्याच तीन दिवसांत त्याची खेप तयार झाली होती आणि बाटल्या हव्या होत्या. ती घरी नाही याचा त्याला राग आला. तुझ्यावाचून काही अडत नाही, असं म्हणून त्याने बाटल्या स्वतः धुतल्या, भरल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. भांडी धुण्याच्या लिंबाच्या वासाच्या साबणाने धुतल्या, हेही नंतर कळलं. चांगल्या बाटल्या कमी पडल्या तेव्हा त्याला ते निराळं खोकं सापडलं.

त्या खोक्यातल्या प्रत्येक बाटलीच्या खांद्यावर लाल ठिपका होता. हा माणूस प्लांटमध्ये लाल खूण दिसली की हात मागे घेतो, त्याचे पैसे घेतो. घरात बायकोने लावलेलं लाल दिसलं आणि त्याला वाटलं कुंकू आहे. आपल्याकडे नव्या गाडीला, शाळेच्या दप्तराला, तिजोरीला लावतात तसं. बायकोने निवडून, तपासून, चांगल्या तेवढ्या बाटल्यांना कुंकू लावून बाजूला ठेवल्यात, असं त्याने धरलं आणि त्या खास अनुरागसाठी भरल्या.

गुरुवार आला. चारुताने स्वयंपाक केला, मी मदतीला होते. जागा राखून ठेवायची मुदत रविवारी संपत होती. बाहेर अनुराग सोफ्यावर मधोमध बसला होता, कमलाकर आणि आणखी दोघे कडेने. विजयकुमार फ्रीजमधून पहिली बाटली काढून मोठ्या तोऱ्यात त्यांच्यासमोर उभा राहिला. चारुता पापडांची थाळी घेऊन दाराशी आली आणि तिथेच थांबली.

“अहो, ती खाली ठेवा,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सातपूरच्या त्या मालकाने ऐकला असेल.

विजयकुमार पाहुण्याकडे बघून हसला. “बघा, तिच्याच हातचं कुंकू लावलेली आहे,” म्हणाला, आणि अंगठा खटक्यावर ठेवला.

बाटली त्याच्या हातातच फुटली. आवाज फार मोठा नव्हता. त्याचा उजवा तळवा अंगठ्याच्या बुडापासून फाटला होता आणि रक्त, फेस, काचा सगळं नव्या गालिच्यावर. चारुताने पापडांची थाळी टीपॉयवर ठेवली, हाताला टॉवेल आवळून बांधला आणि हात वर धरायला लावला. अनुराग सगळ्यांत आधी उठला. बूट हातात घेऊन मागच्या दाराने गेला, त्याच्या पाठोपाठ दुसरे दोघे. शिस्तीची स्तुती करणारं एकही माणूस उरलं नाही. कमलाकर राहिले, एवढं त्यांच्या नावावर जमा. उरलेल्या बाटल्या मोरीत ओतायचं काम त्यांच्याकडे आलं. चारुताने नवऱ्याचा शर्ट कापून काढला, अंग डेटॉलने पुसलं, दुसरा शर्ट चढवला. नशीब, कुणी अजून एक घोटही घेतला नव्हता. मी गाडी काढली.

हॉस्पिटलात टाके घातले. नर्स म्हणाली, जखम खोल आहे, काचेची आहे, आमचा माणूस येऊन नोंद करेल. म्हणजे पोलीस नव्हे, पण त्याच्या कागदावरून पोलीस येऊ शकतात.  नर्सची पाठ वळल्याबरोबर विजयकुमार चारुताला मराठीत म्हणाला, “सांग की तू बाटल्या विसळत होतीस, तुझ्या हातून फुटली, मी धरायला गेलो.”

ऐकलंत ना? चांगली निघाली तेव्हा बिअर त्याची होती. फुटली तेव्हा बाटली हिची झाली. मी तोंड उघडणारच होते. चारुताने माझ्या दंडावर हात ठेवला, मग त्याच्या खिशातून फोन काढला, त्याच्या तोंडासमोर धरून उघडला आणि कारखान्याचा मेल काढून त्याच्यापुढे केला.

“आधी हे,” ती म्हणाली.

“ही काय वेळ आहे, चारुता?”

“हीच आहे. एरवी तुम्हाला वेळ नसतो.”

“म्हणजे तू मला अडवणार?”

“मी तुमच्या इकाम्यावर आहे. तुम्ही गेलात तर मीही जाते,” ती म्हणाली. “मी दोन्हीला तयार आहे. तुम्ही ठरवा.”

कॉरिडॉरमध्ये बुटांचा आवाज आला. विजयकुमारने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याचा उजवा हात बँडेजमध्ये होता, डाव्या अंगठ्याने त्याला बटण सापडेना. चारुताने फोन जरा वळवून दिला. संमती गेल्याची खूण आल्यावर तिने फोन परत त्याच्या खिशात ठेवला आणि पदर सारखा करून दाराकडे तोंड केलं.

आलेल्या माणसाचं नाव अली होतं. पोरगेलासा, अदबीने बोलणारा, इंग्रजीतून. काय झालं, त्याने विचारलं. चारुताने सांगितलं की मी रसाच्या रिकाम्या बाटल्या विसळत होते, माझ्या हातून फुटली, हे धरायला आले. बाटल्या कशाला ठेवता, त्याने विचारलं. तेल, लोणचं भरायला, आम्ही काही टाकत नाही, ती म्हणाली. तो हसला. त्याची आईही टाकत नाही म्हणे. मग त्याने तिला समजावलं की मॅडम, काच फार जपून धुवावी लागते, सगळ्यांना जमत नाही, तुम्ही प्लास्टिकच्या घ्या. चारुताने मान हलवली. त्याने लिहिलं, कागद फिरवला, आणि तिने सही केली.

त्या पोराचा काही दोष नव्हता. पण मी तिथे उभी राहून सगळं बघत होते. गाडी भरून उभी असताना जिने सही केली नव्हती, त्या बाईने आपल्याला बाटली धुता येत नाही या कागदावर मुकाट सही केली. नोकरी तिला तिच्या हुशारीवर मिळाली होती. ती घ्यायला जाण्याची परवानगी मात्र अडाणी ठरून मिळवावी लागली. परत येताना गाडी मीच चालवत होते. विजयकुमार मागे बसला होता. मी प्रत्येक गतिरोधक जरा जोरातच घेतला.

आठवडाभरात कंपाउंडमध्ये सगळ्यांना कळलं की चारुताच्या धांदरटपणाने विजयकुमारचा हात जायची वेळ आली होती. भेटणारा प्रत्येक जण तिला, काच जरा जपून हं वहिनी, असं सांगायचा. अनुरागने फळांची टोपली पाठवली, विजयकुमारच्या नावाने. विजयकुमारने कुणाचं म्हणणं खोडलं नाही, उलट त्याची हकिकत दर वेळी थोडी रंगत गेली. मला वाटतं अखेर त्याचाही त्यावर विश्वास बसला. चारुता त्यावर मान हलवायची. ती रविवारी कारखान्यात रुजू झाली होती. सकाळी कंपनीची बस गेटवर येते, त्यात ती खिडकीशी बसते. पहिल्याच महिन्यात तिने पाण्याची एक खेप अडवली, तिथला मॅनेजर आरडाओरडा करत होता, हिने सही दिली नाही. हे मात्र तिने मला स्वतःहून सांगितलं.

परवा शनिवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. विजयकुमारचा हात बरा झालाय, अंगठा पुरता मिटत नाही एवढंच. चहा होईस्तोवर तो आणि कमलाकर पाहुण्यांच्या बाथरूममध्ये जाऊन आले. दोघांच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं की पिंप पुन्हा भरलंय. विजयकुमारने कपात दोनदा चमचा फिरवला आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, “चारुता, आज सुट्टी आहे तर तेवढ्या बाटल्या जरा विसळून देशील का? तुझ्यासारख्या कुणाला जमत नाहीत.”

एवढ्या वर्षांत ते वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. चारुता उठली. आतून बत्ह्याच्या बाजारातला तो लांब दांड्याचा ब्रश घेऊन आली आणि त्याच्या बशीशेजारी ठेवला.

“मी कशी विसळू?” ती म्हणाली. “माझ्या हातून फुटतात. तशी सही आहे माझी.”

आणि ती रविवारच्या डब्याची भाजी निवडायला आत गेली.